पाव आत असताना बोलू नये

अस्खलित तुर्की बोलणारा कोकणी माणूस अख्ख्या कुवेतमध्ये एकच आहे, तो म्हणजे मी. हे आजवर फक्त माझ्या बायकोने मान्य केलंय, ती गावी असते आणि तिला तुर्कीतलं ओ की ठो कळत नाही.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकाचे संपादक नाशिकचे. तेल कंपनीत इंजिनीयर आहेत, आमच्याकडे खिम्याची पिदे खायला येतात. ते म्हणाले, "इकबालभाई, दिवाळी अंकाला तुमच्या कामाबद्दल लिहा की." मी म्हटलं, साहेब, माझी शाळा चौथीत सुटली. म्हणजे मी नाही सोडली, मास्तरांनी सोडवली. तर असं ठरलं, की मी फोनवर बोलायचं आणि त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, लिहून काढायचं. त्यामुळे यातलं शुद्धलेखन वहिनींचं आहे आणि थापा माझ्या.

काम सांगतो. हवल्लीत एक तुर्की हॉटेल आहे, तिथे मी भट्टीवर असतो. वीसेक वर्षं झाली. भट्टी दगडी, आतून घुमटासारखी, एका अंगाला गॅसची ज्योत. पीठ मळायचं, गोळे करायचे, गोळे झोपवायचे, मग लांबट थापून दोन्ही कडा आत वळवायच्या. त्यात खिमा नाहीतर चीज. झाली पिदे. दिसायला अगदी होडी. ती आत सरकवायला लांब दांड्याची लाकडी फळी लागते. तुर्कीत त्या फळीला आणि होडीच्या वल्ह्याला एकच शब्द आहे, क्युरेक. मी बाणकोट खाडीच्या काठचा. माझा बाप खाडीत तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवायचा. पहिल्याच दिवशी हातात वल्हं आणि समोर होडी! मला वाटलं, अल्लाने घरीच पाठवलं. मग आत हात घातला आणि कोपरापर्यंतचे केस जळाले. तेव्हा कळलं, खाडी वेगळी आहे.

भट्टीचा मालक म्हणजे केनान उस्ता. कागदावर मालक दुसरा, कुवेती, पण भट्टीपुढे कागद टिकत नाही. उस्ता म्हणजे वस्ताद. आमच्या किचनमध्ये उस्ता एकच. बाकी सगळ्यांना तो 'ओलुम' म्हणायचा, म्हणजे 'पोरा'. मी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, माझी दाढी त्याच्याआधी पांढरी झाली, तरी मी ओलुम. एकदा मी पासपोर्ट आणून त्याच्यापुढे धरला. म्हटलं, जन्मसाल बघ. त्याने बघितलं, पासपोर्ट माझ्या खिशात परत घातला आणि म्हणाला, "पीठ बघ, ओलुम."

पीठ कसं हवं? कानाच्या पाळीसारखं. आधी पीठ दाबायचं, मग कानाची पाळी दाबायची, दोन्ही सारखं लागलं की झालं. पहिले सहा महिने माझे दोन्ही कान पिठाने पांढरे. गिऱ्हाईक विचारायचं, हा कानाने मळतो का?

उस्ताचे नियम दोन. एक, पिठाला घाई करायची नाही. दुसरा, पाव आत असताना भट्टीवाल्याने बोलायचं नाही आणि त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. मालक आला तरी नाही. कारण आमच्याकडे घड्याळ नसतं. उस्ता नाकात काहीतरी गुणगुणायचा, मी मनात दुरूद, म्हणजे पैगंबरांवरचा सलाम, म्हणायचो. किती वेळा, ते भट्टीच सांगते. आज दमट हवा, आज धुळीचं वादळ, आज कुणीतरी मागचं दार उघडं टाकलंय, सगळं तिच्या अंगात येतं. तुम्ही एका माणसाला "सलाम, कसा आहेस" म्हणेपर्यंत पिदेचं बूड काळं होतं.

त्यामुळे वीस वर्षांत मी उस्ताकडून तुर्की शिकलो ती कशी? दोन पावांच्या मध्ये. सगळी हुकमाची. घे, दे, आण, उचल, पूस. त्यातही दोन शब्द रोजचे: 'सुस', म्हणजे गप्प बस, आणि 'पिशिर', म्हणजे भाज. "सुस, ओलुम. पिशिर." सकाळी हेच, दुपारी हेच, ईदलाही हेच.

एवढ्या भांडवलावर मी गिऱ्हाइकांपुढे तुर्की पंडित झालो होतो.

आता तुर्की भाषा काय चीज आहे ते ऐका, म्हणजे माझा वैताग कळेल. त्या भाषेत शब्दाला शेपटं लागतात. तुम्ही म्हणाल, आपल्याकडेही लागतात. घर, घरात, घरातला, घरातल्यांना. बरोबर. पण आपलं शेपूट कसं, एकदा ठरलं की ठरलं. 'ला' म्हणजे 'ला'. रामाला ला, गाईला ला, कुवेतला ला. तुर्कीत शेपूट शब्दाचं तोंड बघून रंग बदलतं.

मटणाला म्हणतात 'एत'. मटण घातलेलं ते 'एतली'. छान. मिठाला म्हणतात 'तुझ'. मग मीठ घातलेलं? मी म्हणणार, 'तुझली'. तर नाही! 'तुझलु'. का? तर तुझमध्ये उ आहे, म्हणून शेपटालाही उ. बिनमटणाचं 'एतसिझ', पण बिनमिठाचं 'तुझसुझ'. उस्ता पहिल्यांदा पातेल्यावर वाकून "तुझसुझ! तुझसुझ!" असं ओरडला, तेव्हा मला वाटलं, हा कुठलं प्रेमाचं गाणं म्हणतोय. भाजी अळणी होती.

म्हणजे त्यांच्याकडे स्वरांच्या दोन जमाती आहेत, जाड आणि बारीक. शब्दात जाड स्वर असला तर शेपूट जाड, बारीक असला तर बारीक. लग्नात वऱ्हाड जुळवतात ना, तसं. पाव म्हणजे एकमेक (हो, एकमेकच, हसून घ्या एकदा), तर अनेक पाव म्हणजे 'एकमेकलेर'. भट्टी म्हणजे फिरिन, तर अनेक भट्ट्या म्हणजे 'फिरिनलार'. एकाला लेर, एकाला लार. अरे बाबा, पाव आणि भट्टी एकाच घरात राहतात, त्यांना दोन न्याय?

आणि नकार तर पोटात लपवतात. आपल्याला नको म्हणायचं असलं तर आपण शेवटी 'नको' म्हणतो, ठसक्यात म्हणतो, समोरच्याला ऐकू जातं. तुर्कीत क्रियापदाच्या पोटात एक बारीकसा 'मा' सरकवतात, झालं. एक तुर्की गृहस्थ आले, शुवैखच्या कुठल्यातरी गोदामात साहेब होते. मला म्हणाले, तिखट अमुक अमुक. मी समोरच्या पुण्याच्या कुटुंबाकडे वळून मोठ्याने म्हटलं, "ते म्हणतायत, तिखट घाला." आणि घातलं. कोकणी हाताने घातलं. 'मा' त्यांनी म्हटला होता, माझ्या कानापर्यंत आला नव्हता, कानाला पीठ होतं. साहेबांनी ताकावर ताक प्यायलं. जाताना ते काय म्हणाले ते मला एकदम स्वच्छ कळलं, त्यात एकही शेपूट नव्हतं.

एक शेपूट मात्र मला पहिल्या झटक्यात कळलं. 'मिश'. स्वतः बघितलं नाही, नुसतं ऐकलंय, असं सांगायचं असलं की हे लावतात. 'गेल्दी' म्हणजे आला, मी बघितला. 'गेलमिश' म्हणजे आला म्हणे. अहो, आमचं अख्खं गाव या 'म्हणे'वर चालतं! मला वाटलं, तुर्क आणि आम्ही नक्की कुठूनतरी मावसभाऊ.

आणि नेमकी माझ्यावरची बला त्याच शेपटावर बसून आली. गेल्या वर्षी एक दिवस वेटर कानात म्हणाला, उस्ता जातोय म्हणे. कायमचा. गुडघे गेले म्हणे. मालकाने हॉटेल चालवायला एका तुर्की बाईंना दिलंय म्हणे. आणि त्या बाई येताना आपल्या भाच्याला भट्टीवर आणणार म्हणे.

मी उस्ताला आमच्या दोघांच्या मोडक्या अरबीत विचारलं. तो गोळे करत होता. म्हणाला, "खरं आहे." 'म्हणे' गेलं.

"मग भट्टी?"

"त्या बाई, नेर्मिन हानिम, ठरवतील. मला विचारलं त्यांनी. मी म्हटलं, हातात आहे त्याच्या. त्या म्हणाल्या, हात ठीक आहे, पण मला अरबी येत नाही, हिंदी येत नाही. भट्टीवाल्याशी मला बोलता आलं पाहिजे."

"मग तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, त्याच्याशीच बोलून बघा."

हा कसला जामीन? एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माणसाने माझी बाजू घ्यायची, तर तिथेही हा शब्द वाचवतो! भाचा आला तर माझं इथे काम नाही. काम नाही तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नाही, आणि इकामा नाही तर मुक्काम नाही, सरळ गाव. गावी जायला मी घाबरत नाही. पण मला भट्टीशिवाय काही येत नाही आणि आमच्या गावात भट्टी नाही. बायकोला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मग घाबरताय कशाला? तुम्हाला तुर्की येते ना?" मी फोन ठेवला.

माझा धाकटा भाऊ हवल्लीतच राहतो, दोन गल्ल्या सोडून, बँकेत आहे. त्याची मुलगी सना, अकरावीत. इथेच जन्मलेली. मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर, फार लाडात आली तर हिंदी. पण तुर्की सिरियली बघून बघून पोरगी तुर्की फाडफाड बोलते. मंगळवारी माझी सुटी. मी तिच्यासमोर जाऊन बसलो.

"चाचा, इट्स सो इझी," ती म्हणाली. हे वाक्य मी आयुष्यात ज्याच्या ज्याच्याकडून ऐकलंय, त्याने मला नंतर रडवलंय.

तिने सांगितलं, हानिमसमोर नुसते हुकूम चालणार नाहीत, अदबीने बोलायला हवं, आणि तुर्कीत सगळी अदब शेपटात असते. मग आम्ही एक वाक्य ठरवलं. 'बाईसाहेब, माझ्या उस्ताची भट्टी माझ्या हाती सोपवलीत, तर मी तुम्हाला मान खाली घालायला लावणार नाही.' मराठीत किती सरळ आहे! तुर्कीत त्यात शेपटांची जत्रा. उस्ता, उस्ताम, उस्तामिन. फिरिन, फिरिनि, फिरिनिनि. मी म्हटलं, "हे नि-नि काय आहे? तोतरी भाषा आहे का?"

"एक 'उनकी', एक 'को'. फिरसे बोलो."

मग ती म्हणाली, पाव हा शब्द नुसता असला तर एकमेक, पण पावाला काही करायचं असलं तर 'एकमेई'. मी म्हटलं, क कुठे गेला? ती म्हणाली, सॉफ्ट झाला. म्हटलं, सॉफ्ट झाला म्हणजे? मेला? ती म्हणाली, मुलगा म्हणजे 'ओउल' आणि माझा मुलगा म्हणजे 'ओलुम', मधला उ पण जातो. हे ऐकून माझं डोकं फिरलं. म्हणजे वीस वर्षं तो मला हाक मारतोय तीसुद्धा अर्धी खाऊन!

मी उठलोच. म्हटलं, "ही काय भाषा आहे? अक्षरं ठेवतात, मग खातात! आपल्या मराठीत हा चोरटेपणा नाही."

सना म्हणाली, "चाचा, मॅन को मराठी में क्या बोलते?"

"माणूस."

"टू द मॅन?"

"माणसाला."

"ऊ किधर गया?"

मी भावाकडे बघितलं. तो पेपर वाचत होता, म्हणजे पेपरामागे हसत होता.

"रेन?" सना म्हणाली.

"पाऊस. आणि पुढचं मला विचारू नकोस. चहा कर."

तेव्हापासून मला मराठी बोलतानाही अडखळायला होतं. पन्नाशी उलटेपर्यंत मी बिनधास्त 'माणसाला' म्हणत आलो, मला कुणी हिशोब विचारला नव्हता.

आता घोकायला वेळ कुठे? चौदा-पंधरा तास भट्टीपुढे. मग मी डोकं लढवलं. पाव आत असताना मनात दुरूद म्हणतो, त्याऐवजी शेपटं म्हणायची. वेळेचा वेळही मोजला जाईल आणि अभ्यासही होईल. अशी कल्पना चौथी नापास माणसालाच सुचते. फिरिन, फिरिनिमिझ, फिरिनिमिझदा, म्हणजे आमच्या भट्टीत. फिरिनिमिझदाकिलेर, म्हणजे आमच्या भट्टीतले. आता पुढे 'पैकी' लावायचं, ते 'देन' का 'दान'? जाड का बारीक? मागचं शेपूट लेर, म्हणजे बारीक, म्हणजे देन... तोवर आमच्या भट्टीतल्यांपैकी एकही खाण्यासारखा उरायचा नाही.

रोज जळायला लागले. जे हात झोपेत पिदे काढायचे, ते हात 'देन-दान' करत थांबायला लागले. एक दिवस चार पिदे एकदम काळ्या. उस्ता लंगडत आला, माझ्या हातातून वल्हं काढून घेतलं आणि भिंतीला टेकवलं.

"काय म्हणत होतास मनात?"

"तुर्की."

"कशाला?"

"हानिमशी बोलायला. तूच तर म्हणालास, त्याच्याशी बोलून बघा!"

त्याने काळ्या पिदेकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याच्या तोंडावर एवढा वैताग मी कधी बघितला नव्हता, आणि मी खूप प्रकारचे बघितलेत. म्हणाला, "ही तुर्की बोलते?" आणि पिदे माझ्यापुढे आपटली. खण्ण वाजली.

मग हानिमचा दिवस आला. मी सकाळी दाढी छाटली, नवा ॲप्रन घातला. सनाने फोनवर अख्खं वाक्य पुन्हा म्हणून घेतलं. उस्ता कोपऱ्यात मैद्याच्या पोत्यावर बसला, हातात चहाचा ग्लास. मदत करायला नाही, नुसता बघायला. नेर्मिन हानिम आल्या. साठीच्या, ठेंगण्या, डोक्याला रुमाल, हातात पर्स, चेहऱ्यावर असा भाव की पर्समध्ये भाचा आणलाय. सरळ भट्टीशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, खिम्याची एक.

मी गोळा उचलला. दाबला. सवयीने कान दाबला. थापला, खिमा पसरला, कडा वळवल्या, वल्ह्यावर घेतली, आत सोडली. होडी सरळ गेली.

आणि पिदे आत गेली त्या क्षणाला बाईंनी प्रश्न विचारला.

लांबलचक. शेपटाला शेपूट, त्याला शेपूट, आणि टोकाला 'मिसिन'. म्हणजे प्रश्न आहे आणि तो मलाच आहे, एवढं कळलं. काय विचारलं ते आजतागायत माहीत नाही. त्या माझ्याकडे बघतायत. उस्ता बघतोय. हीच ती वेळ. आत्ता तोंड उघडलं नाही तर भाचा. आणि आत पिदेची कड फुगायला लागलेली.

मी काय केलं ते माझं मलाच कळलं नाही. आम्ही इथे अरबांना थांबा म्हणायला पाचही बोटं जुळवून हात वर करतो ना, तसा हात बाईंच्या तोंडासमोर धरला. मालकिणीच्या! तिच्याकडे न बघता! आणि भट्टीकडे तोंड करून दुरूद म्हणायला लागलो. मागे उस्ताचा चमचा ग्लासात फिरत होता, तो थांबला. मी मनात म्हटलं, इकबाल, गेलास. आता निदान पाव तरी नीट काढ.

काढला. बूड सोनेरी, कड कुरकुरीत. लोणी फिरवलं, तुकडे केले, बाईंसमोर ठेवला. मग ॲप्रनला हात पुसले, दोन पावलं मागे सरलो, आणि शाळेत मास्तरांपुढे उभा राहायचो तसा उभा राहिलो. बोलायला आता मोकळा होतो.

"हानिमएफेन्दी," मी म्हटलं, "उस्तामिन फिरिनि... फिरिनिनि..."

बाईंनी पहिला तुकडा तोंडात टाकला.

"उस्तामिन फिरिनिनि बाना..." पुढे जाड होतं का बारीक? पोत्यावरून उस्ताने डोळे मिटून घेतले. मी पहिल्यापासून सुरू केलं. "हानिमएफेन्दी..."

बाईंनी दुसरा तुकडा उचलला, आणि दुसऱ्या हाताची पाचही बोटं जुळवून माझ्या तोंडासमोर धरली. सावकाश चावलं. गिळलं. बोटाला लागलेलं लोणी पुसलं.

"सुस, उस्ता," त्या म्हणाल्या. "पिशिर."